‘गोजिरा’ (१९५४): अस्त्रानेच संपणाऱ्या कथेला अण्वस्त्रविरोधी म्हणावे का?

सांजवात

(प्रश्न शेवटाविषयीच असल्याने तो येथे उघड केला आहे. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा आहे, त्यांनी पुढे वाचू नये.)

इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोजिरा’ (इंग्रजीत ‘गॉडझिला’) ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. समुद्रात खोलवर दडून राहिलेला एक प्रागैतिहासिक प्राणी हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे जागचा उठतो, आधी जहाजे बुडवतो, मग ओदो नावाच्या बेटावरची घरे पाडतो आणि शेवटी टोकियो जाळतो, अशी ही कथा आहे. या चित्रपटाला अण्वस्त्रविरोधी अभिजात कलाकृती म्हणण्याची प्रथा आहे आणि पहिल्या तासाभरापुरते मला ते पूर्णपणे पटतेही.

अडचण पुढे येते. तोफा, विमाने, उच्च दाबाच्या विजेच्या तारा यांपैकी कशालाही दाद न देणारा गोजिरा अखेर डॉ. सेरिझावा या तरुण शास्त्रज्ञाने शोधलेल्या ‘ऑक्सिजन डिस्ट्रॉयर’ने मरतो, आणि हे अस्त्र हायड्रोजन बाँबच्याच तोडीचे आहे, हे तो शास्त्रज्ञ स्वतः सांगतो. म्हणजे एका महासंहारक अस्त्रामुळे ओढवलेले संकट दुसऱ्या महासंहारक अस्त्राने टळते. ‘अस्त्र वाईटच, परंतु सज्जनाच्या हाती असेल आणि वेळ तशी आली असेल तर वापरावे’ हा तर अण्वस्त्रांच्या समर्थकांचा नेहमीचा युक्तिवाद आहे. सेरिझावा आपली टिपणे जाळतो आणि स्वतःही समुद्रतळाशी प्राण देतो हे खरे. पण त्या बलिदानाने प्रश्न सुटतो, की नुसता झाकला जातो? जाणकारांची मते वाचायला आवडतील.

खारा वारा

उत्तराकडे वळण्यापूर्वी १९५४ साल जरा जवळून पाहावे लागेल, कारण हा चित्रपट हिरोशिमाविषयी आहे असे जे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने मार्शल बेटांमधल्या बिकिनी या कंकणद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बाँबची चाचणी केली. सहा मेगाटनांच्या आसपास स्फोट अपेक्षित असताना प्रत्यक्षात तो १५ मेगाटनांचा झाला. याइझू बंदरातून ट्यूना पकडायला गेलेली ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही लाकडी बोट त्या वेळी अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राच्या बाहेर, सुमारे १६० किलोमीटर दूर होती. पहाटेच्या अंधारात पश्चिमेचे आकाश उजळले, काही मिनिटांनी गडगडाट आला आणि नंतर कित्येक तास प्रवाळाची पांढरी भुकटी बोटीवर पडत राहिली. ती कसली आहे हे ठाऊक नसल्याने बोटीवरचे २३ जण ती अंगावर घेतच पाण्यात सोडलेले गळ ओढून घेत होते. दोन आठवड्यांनी ते बंदराला लागले तेव्हा कोणाची कातडी भाजून काळवंडली होती, कोणाचे केस गळत होते. बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले, तेव्हा ‘गोजिरा’चे काम चालू होते.

आता चित्रपटाचा आरंभ आठवून पाहा. जहाजाच्या डेकवर खलाशी निवांत बसले आहेत, कोणी गिटार छेडतो आहे, कोणी माउथ ऑर्गन वाजवतो आहे, आणि एकाएकी समुद्रातून डोळे दिपवणारा उजेड होतो. पुढची काही दृश्ये रेडिओच्या खोलीत धडपडणाऱ्या माणसांची आहेत. नोव्हेंबर १९५४ मध्ये चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला हे कशाविषयी आहे, ते वेगळे सांगायची आवश्यकताच नव्हती. मुद्दा असा की चित्रपटाचा रोख युद्धातल्या बाँबइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शांततेच्या काळात दूर कुठेतरी होणाऱ्या चाचण्यांवर आहे.

टवाळखोर

घराच्या तळघरात जगबुडी आणणारे अस्त्र तयार करणाऱ्या आणि ते मत्स्यालयातल्या माशांवर आजमावणाऱ्या शास्त्रज्ञाकडे एकही सरकारी निरीक्षक फिरकला नाही, यावरून १९५४ साली जपानमध्ये व्यवसायसुलभता किती होती हे लक्षात यावे.

कुमुद

सांजवात, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे, परंतु तो सेरिझावाच्या तोंडूनच आधी येऊन गेलेला आहे, हे तुम्ही पुरेसे विचारात घेतलेले दिसत नाही. पुराजीवशास्त्रज्ञ डॉ. यामाने यांची मुलगी एमिको आणि तिचा प्रियकर ओगाता त्याच्याकडे अस्त्र मागायला जातात तेव्हा तो तत्काळ नकार देतो. त्याचे म्हणणे असे की हे एकदा वापरले की जगभरचे राजकारणी स्वस्थ बसणार नाहीत, बाँबविरुद्ध बाँब आणि क्षेपणास्त्राविरुद्ध क्षेपणास्त्र या साखळीत आणखी एक कडी जोडली जाईल. यावर ओगाता म्हणतो, मग टिपणे जाळून टाका. सेरिझावाचे उत्तर चित्रपटातले सर्वांत भेदक वाक्य आहे: टिपणे जाळली तरी ते माझ्या डोक्यात आहेच, आणि मी जिवंत असेपर्यंत मला कोणी ते वापरायला भाग पाडणार नाही याची खात्री कोण देणार?

ज्ञान परत घेता येत नाही, ही अणुयुगाची खरी कोंडी आहे, आणि १९५४ मधला एक ‘राक्षसपट’ ती इतक्या स्वच्छपणे मांडतो. सेरिझावाचा मृत्यू हा माझ्या दृष्टीने शौर्याचा प्रसंग नाही. स्वतःच्या स्मृतीसकट पुरावा नष्ट करणे एवढा एकच मार्ग त्या माणसाला उरलेला असतो. सेरिझावाच्या एका डोळ्यावर पट्टी आहे आणि तो डोळा युद्धात गेला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. सरकारे शोधांचे काय करतात याचा अनुभव तो चेहऱ्यावर घेऊन वावरतो.

परीक्षानळी

रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक नोंद करतो आणि बाजूला होतो. पाण्यातला ऑक्सिजन नाहीसा झाला तर मासे गुदमरून मरतील, पण क्षणार्धात त्यांचे मांस विरघळून नुसता सांगाडा उरणार नाही. तरीही पहिल्यांदा मत्स्यालयाचा प्रयोग होतो तेव्हा कॅमेरा पाण्याकडे न जाता एमिकोच्या किंकाळीवर थांबतो, तिने काय पाहिले ते आपल्याला बऱ्याच उशिरा दाखवले जाते. टोकियोच्या राखेतून फिरून आल्यानंतर ते मासे पाहताना विज्ञानातली चूक काढण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते.

वादी संवादी

सर्वजण भारावून लिहीत आहेत म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. या चित्रपटात चाचण्यांचा निषेध आहे, पण त्या करणाऱ्या देशाचे नाव कोणीही घेत नाही. गोजिरा हा निसर्गाचा कोप असल्यासारखा येतो आणि जातो. दुसरी गोष्ट, ब्राव्होची राख केवळ जपानी बोटीवर पडली नाही. राँगेलॅप बेटावरच्या लोकांवर ती पडली, त्यांना दोन दिवसांनी तिथून हलवण्यात आले. त्या बेटवासीयांचा मागमूसही चित्रपटात नाही. तिसरी आणि मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की ज्या युद्धाच्या आठवणी जागवल्या जातात, त्यात जपानने आशियात काय केले याचा एक शब्दही नाही. स्वतः होंडा सैनिक म्हणून चीनमध्ये बराच काळ होते. जपान म्हणजे केवळ आकाशातून आग झेललेला देश, ही प्रतिमा सोयीची होती आणि ‘गोजिरा’ने ती घट्ट केली. सांजवात यांच्या प्रश्नात मी एवढीच भर घालीन की हा चित्रपट अण्वस्त्रविरोधी आहे, पण युद्धविरोधी आहे की नाही याविषयी मला शंका आहे.

कुमुद

वादी संवादी, बेटवासीयांविषयीचा मुद्दा मान्य आहे आणि त्यावर बचाव नाही. परंतु नाव न घेण्याविषयी दोन गोष्टी सांगते. जपानवरचा अमेरिकी ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला, आणि तोवर अणुबाँबच्या परिणामांविषयी तिथे मोकळेपणाने लिहिता वा दाखवता येत नव्हते. ‘गोजिरा’ त्यानंतर जेमतेम अडीच वर्षांत आला. त्यात संसदीय समितीचे एक दृश्य आहे. डॉ. यामाने साक्ष देतात की गोजिराचा संबंध हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांशी आहे, त्यावर एक सदस्य उठून म्हणतो की हे जाहीर करू नये, आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील आणि लोक घाबरतील. विरोधी बाकांवरच्या स्त्री सदस्या संतापून ओरडतात की सत्य हे सत्य आहे, ते सांगितलेच पाहिजे. सभागृहात गोंधळ माजतो आणि दृश्य तिथेच सोडून दिले जाते. कोणत्या देशाविषयी बोलायला ते सदस्य कचरतात, हे कळायला नाव कशाला हवे?

रातकिडा

लोकल गाडीतला प्रसंग कोणीच कसा लिहिला नाही? नोकरीवर निघालेली तरुणी वर्तमानपत्र पाहून कंटाळलेल्या सुरात म्हणते की किरणोत्सारी ट्यूना झाला, किरणोत्सारी पाऊस झाला, आता वर हा गोजिरा. नागासाकीतून कशीबशी वाचले ती यासाठी का? शेजारचा माणूस सुस्कारा टाकतो की पुन्हा गाव सोडून जाण्याची वेळ आली. अर्ध्या मिनिटाचा संवाद असेल. त्यात रडारड नाही, पार्श्वसंगीत नाही, भाववाढीविषयी बोलावे तसे ते बोलतात. माझ्या मते चित्रपटाचे मर्म राक्षसाच्या एकाही दृश्यात नसून या डब्यात आहे.

पडद्यामागे

मर्म राक्षसाच्या दृश्यांत नाही, हे मात्र मान्य नाही. एइजी त्सुबुराया यांनी विशेष दृश्यांसाठी जी पद्धत वापरली तिच्यामुळेच हा चित्रपट शोकगंभीर होऊ शकला. हारुओ नाकाजिमा आणि कात्सुमी तेझुका या दोघांनी आळीपाळीने तो अवजड पोशाख घालून लघुप्रतिकृतींच्या शहरातून चालण्याचे काम केले. दिव्यांच्या उष्णतेत आत घामाच्या धारा लागत आणि थोड्याच वेळात बाहेर यावे लागे. कॅमेरा अधिक वेगाने चालवून चित्रण केल्याने पडद्यावर प्रत्येक हालचाल संथ होते, आणि त्या संथपणातून वजन जाणवते. गोजिरा कोणाचा पाठलाग करीत नाही, कोणाला हेरून मारत नाही. तो केवळ चालत राहतो. विजेचे मनोरे मेणाचे केले होते, म्हणून त्याच्या श्वासाने ते तापून लवतात तेव्हा ते खरोखर वितळत असतात.

आवाजाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बेस या वाद्याची तार सैल करून, राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने ती घासून गोजिराची गर्जना मिळवली. ती नीट ऐकल्यास त्यात रागापेक्षा वेदना अधिक आहे. त्याची खवल्यांऐवजी चट्ट्याचट्ट्यांची दिसणारी कातडी पाहून अणुबाँबमध्ये भाजलेल्यांचे व्रण आठवतात, असे अनेकांनी म्हटले आहे. गुन्हेगार आणि बळी एकाच शरीरात आहेत. म्हणूनच यामाने दिवा मालवून अंधारात बसतात आणि सगळ्यांना त्याला मारायचेच कसे आहे म्हणून खंतावतात. इतका किरणोत्सर्ग सोसूनही जो जगला, तो कसा जगला हे जाणून घ्यावे असे त्यांना वाटत असते. ताकाशी शिमुरा यांनी ही भूमिका केली, आणि त्याच वर्षी ते ‘सेव्हन सामुराई’मध्ये सामुराईंचे म्होरके होते.

सुमिदाकाठ

टोकियोत नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडी स्थानिक माहिती देतो. खारा वारा यांनी उल्लेखिलेली ‘दाइगो फुकुर्यू मारू’ आजही पाहता येते. दुरुस्तीनंतर ती नाव बदलून मत्स्यविद्यापीठाची प्रशिक्षण बोट म्हणून वापरली गेली, १९६७ मध्ये मोडीत निघाली आणि युमेनोशिमा या कचराभूमीच्या कडेला चिखलात पडून राहिली. नागरिकांनी चळवळ करून ती वाचवली आणि १९७६ मध्ये त्याच जागी तिच्याभोवती प्रदर्शनगृह उभे राहिले. बोट जेमतेम ३० मीटर लांबीची आहे. तिच्या बुडाशी उभे राहून वर पाहिले की लाकडाच्या फळ्यांचे जोड दिसतात आणि एवढ्याशा बोटीने पॅसिफिकच्या मध्यापर्यंत जाण्याचे धाडस कसे केले असेल, हाच विचार आधी मनात येतो. काचेच्या छोट्या बाटलीत ती पांढरी भुकटीही ठेवली आहे. दिसायला ती रांगोळीसारखी आहे.

बोटीतला काही मासा त्सुकिजीच्या बाजारात पोहोचला होता आणि तो तिथेच आवारात पुरला गेला. त्यानंतर टोकियोतल्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी घरोघर सह्यांची मोहीम हाती घेतली. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमाला पहिली जागतिक अण्वस्त्रविरोधी परिषद भरली, तोवर जपानभर ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या होत्या. घरात मासे आणावेत की नाही या प्रश्नातून ती चळवळ उभी राहिली. गाडीतली तरुणी ट्यूनापासून सुरुवात करते, त्याचे कारण हे आहे.

जुनी कात्रणे

भारताचा एक धागा यात थेट जोडलेला आहे, तो नोंदवतो. ब्राव्होनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अण्वस्त्र चाचण्या तूर्त थांबवण्याविषयी करार व्हावा अशी मागणी केली. पुढे १९६३ मध्ये वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या करण्यावर बंदी घालणारा जो करार झाला, त्याच्या पूर्वपीठिकेत या भाषणाचा उल्लेख आवर्जून होतो. आपण स्वतः १९७४ मध्ये पोखरणला काय केले ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे टाळ्या वाजवण्याची घाई नको.

टवाळखोर

गोजिरा अरबी समुद्राच्या बाजूने आला असता तर त्याला कोकणातल्या दगडी बांधांनी नव्हे, मासळीवर ताव मारण्याच्या वृत्तीने घाबरवले असते.

वादी संवादी

टवाळखोर, वाट पाहा, गोजिराचे कालवण कोणत्या मसाल्यात करावे यावर कोणीतरी वेगळा धागा काढेलच.

गंभीरपणे एक सांगतो. तो काळ केवळ निषेधाचा नव्हता. त्याच मार्च १९५४ मध्ये जपानच्या संसदेत अणुभट्टीच्या संशोधनासाठी पहिली तरतूद मांडली गेली, आणि डिसेंबर १९५५ मध्ये अणुऊर्जेचा मूलभूत कायदाही झाला. बाँब नको, वीज हवी, ही विभागणी जपानने फार लवकर केली. ‘गोजिरा’ त्या विभागणीविषयी काही बोलत नाही. ते काम २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर आलेल्या ‘शिन गॉडझिला’ने (२०१६) केले. त्यात राक्षसापेक्षा बैठकीच उग्र आहेत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन तोच ठराव संमत करणारे अधिकारी पाहून हसू येते आणि मग ते विरते.

निळी शाई

अमेरिकी आवृत्तीचा उल्लेख व्हायला हवा, कारण सांजवात यांच्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे. १९५६ मध्ये ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ या नावाने जो चित्रपट अमेरिकेत दाखवला गेला, त्यात रेमंड बर या नटाचा वार्ताहर नव्याने चित्रित करून घुसवला होता आणि मूळची बरीच दृश्ये कापली होती. नागासाकीचा उल्लेख करणारी तरुणी गेली, संसदेतला वाद गेला. मुख्य म्हणजे शेवट बदलला. मूळ चित्रपटात यामाने म्हणतात की हा गोजिरा शेवटचा असेल असे मला वाटत नाही, अण्वस्त्र चाचण्या चालूच राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा गोजिरा प्रकट होईल. अमेरिकी आवृत्तीत हे नाही. तिथे वार्ताहर सांगतो की संकट टळले आणि जग पुन्हा जगू लागले. अस्त्राने प्रश्न सुटला असे म्हणणारा चित्रपट खरोखरच अस्तित्वात आहे, फक्त तो होंडा यांचा नाही.

सांजवात

सर्वांचे आभार. कुमुद यांचे विवेचन वाचून आणि चित्रपटाचा शेवटचा भाग पुन्हा पाहून माझा आक्षेप थोडा सरकला आहे, पण गेलेला नाही. सेरिझावाचे मन बदलते ते कोणाच्या युक्तिवादाने नव्हे. दूरचित्रवाणीवर बेचिराख शहर, रुग्णालयात दाटीवाटीने पडलेले जखमी आणि शांतीसाठी प्रार्थनागीत गाणाऱ्या शाळकरी मुली दिसतात, तेव्हा तो टिपणे जाळायला घेतो. एमिको ते पाहून रडू लागते, कारण त्याने काय ठरवले आहे ते तिला कळलेले असते. येथवर मी चित्रपटाबरोबर आहे. त्यानंतर बोटीवरचा वार्ताहर ‘अखेर आपण जिंकलो’ म्हणून ध्वनिक्षेपकावर ओरडतो आणि त्याच बोटीवर यामाने, एमिको, ओगाता खाली माना घालून बसलेले असतात. विजयाच्या आरोळीवर होंडा यांचा विश्वास नाही, हे इतके उघड दाखवलेले आधीही माझ्या नजरेतून सुटले नव्हते, पण त्याचे वजन आता अधिक वाटते. तरीही प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात काय राहत असेल? सज्जन शास्त्रज्ञाने आपले काम केले आणि अस्त्र त्याच्यासोबत बुडाले. प्रत्यक्षात कोणत्या देशाचे अस्त्र असे बुडाले आहे?

परीक्षानळी

ते बुडाले, असे ‘गोजिरा’ची निर्मिती करणाऱ्या तोहो कंपनीलाही वाटत नव्हते. १९९५ च्या ‘गॉडझिला विरुद्ध डेस्टोरोया’ची कथाच अशी आहे की १९५४ मध्ये टोकियोच्या उपसागरात वापरलेल्या ऑक्सिजन डिस्ट्रॉयरमुळे तळाच्या गाळातले प्राचीन सूक्ष्मजीव जागे झाले, बदलले आणि त्यांतून नवा राक्षस तयार झाला. त्यात एक शास्त्रज्ञ सेरिझावाच्या शोधाच्या जवळ पोहोचतो, तेव्हा वृद्ध एमिको त्याविरुद्ध बजावते. ती भूमिका १९५४ च्याच मोमोको कोची यांनी पुन्हा केली आहे. चित्रपट म्हणून तो मला फारसा आवडला नाही, पण सांजवात यांचा आक्षेप पटकथाकारांना ४१ वर्षांनी का होईना सुचला होता.

पडद्यामागे

४१ वर्षे थांबायचेही कारण नाही. यामाने यांचे भाकीत सर्वांत आधी तिकीट खिडकीने खरे केले. ‘गोजिरा’ जोरात चालला आणि एप्रिल १९५५ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, दुसरा गोजिरा ओसाकावर चालून आला. त्या चित्रपटातही शिमुरा यांचे यामाने आहेत. अधिकारी त्यांना विचारतात की आता उपाय काय, आणि ते सांगतात की उपाय नाही, सेरिझावा तो आपल्यासोबत घेऊन गेले. शेवटी बर्फाळ बेटावर विमानांनी कडे फोडून गोजिराला हिमाखाली गाडावे लागते. हा दुसरा चित्रपट पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. परंतु अस्त्र पुन्हा बाहेर काढण्याचा सोपा मार्ग हाताशी असताना त्यांनी तो घेतला नाही, एवढे मात्र सांजवात यांनी हिशेबात धरावे.

सांजवात

धरले. दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही, तो पाहून पुढचे लिहितो.